मोकळी सोडलेली फट

२ ऑगस्ट
रुहीने आज इथल्या मराठी मंडळाचा नवा हॉल दाखवला. स्ट्रक्चर तिचं — पोरीची स्वतःच्या नावावरची पहिली बिल्डिंग! खांबांच्या मधे तिरके, जाड स्टीलचे ब्रेस. "भूकंपाचा मार हे खातात आई, बिल्डिंग उभी राहते." मी म्हटलं, अगं पण दाबल्यावर वाकत नाहीत? "दॅट्स द राइट क्वेश्चन!" बया खूश!

आणि ह्यांनी? जन्मभर मशिनी डिझाइन केल्या, पण लेकीला एक प्रश्न विचारतील तर शपथ.

३ ऑगस्ट
डोक्यातून जाईना. स्टीलची पट्टी उभी धरून दाबली — वाकली! रुहीला फोन. म्हणे ब्रेसच्या आत अशीच लांब पट्टी, बाहेर नळी, मधे काँक्रीट. पण पट्टीला बुळबुळीत थर, काँक्रीटने तिला चिकटायचं नाही. जोर पट्टीने घ्यायचा, नळीने फक्त वाकू द्यायचं नाही.

म्हणजे नेफ्यातली नाडीच की! रुही हसून हसून बेजार. "आई, आय ॲम स्टीलिंग दॅट." माझी उपमा चोरणार म्हणे!

९ ऑगस्ट
सकाळी बारीकसा धक्का. कपातला चहा हिंदकळलाही नाही, पण हे अनवाणी ड्राइव्हवेवर! नेहमीचंच. कोयनेच्या भूकंपात पाटणचं घर बसलं तेव्हा हे दहा वर्षांचे. तेव्हापासून कुठल्याच छताचा भरवसा नाही.

१९ ऑगस्ट
घोळ झालाय! नळीच्या टोकाशी मुद्दाम फट सोडतात, दाब आला की पट्टीला आत सरकता यावं म्हणून. कोणीतरी त्या सगळ्या फटी एपॉक्सीने बुजवल्यात. नाडी नेफ्याला शिवून टाकली! परवा इन्स्पेक्शन. नापास झालं तर गणपती कुठे बसवणार? आणि रुहीचं नाव?

मंडळाचे अनिलराव हॉलवर कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने ओरडत होते. मी जवळ जाऊन पाहिलं. कड कशी ओल्या बोटाने गुळगुळीत केलेली. आमच्या बाथटबची कड ह्यांनी अश्शीच भरलीय! रुहीही बघत राहिली. ह्यांचे कान लाल.

घरी आल्यावर म्हणाले, "मला वाटलं काम अर्धवट राहिलंय. पोरीला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून..." इतका राग आला होता, तो कुठे गेला कळलंच नाही.

२० ऑगस्ट
ह्यांनी अनिलरावांना स्वतः सांगितलं, मी केलं. मग छिन्नी घेऊन बापलेक दिवसभर फटी मोकळ्या करत बसले. मी थालीपिठं घेऊन गेले, तर हे विचारत होते, "किती सरकते गं पट्टी?" आणि मग, "तुटत कशी नाही?" प्रश्नांवर प्रश्न! रुही मराठीतून उत्तरं देत होती, अडखळत, पण देत होती.

२१ ऑगस्ट
पास!!

२८ ऑगस्ट
आरतीत धक्का बसला, चांगलाच मोठा. टाळ थांबले, सगळे दाराकडे. हे सगळ्यात आधी पळाले असणार म्हणून मी पार्किंगमध्ये शोधत फिरले. कुठेच नाहीत! आत डोकावले तर ब्रेसला हात लावून उभे. "बाहेर कशाला पळताय? आत या सगळे. माझ्या रुहीने बांधलंय."