मातृदिनाचा रस्सा आणि माझी गुलाबी मिरी

५ मे, रविवार
ठरलं. दरवर्षी रस्सा करणाऱ्या मेहुण्याच्या, रोझेरच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. म्हणजे मातृदिनाच्या सहलीत सासूबाईंसाठी कोंबडीचा रस्सा मी करणार. इतकी वर्षं मी नुसती चूल फुंकली. यंदा सासूबाई माझ्या हातचं खाऊन बोटं चाटतील. सिक्रेट: गुलाबी मिरी. परसातलं झाड लगडलंय. आमच्या रेयुनियन बेटावर ते तण म्हणून तोडतात, पॅरिसवाले तीच मिरी बरणीत जपतात. पिकतं तिथं विकत नाही!

७ मे
ट्रायल. मूठभर मिरी सुरुवातीलाच तेलात, हळद-लसणाबरोबर. माझी बायको, गिनेत, एक घास खाऊन म्हणाली, वेगळंच लागतंय. दाद अशीच सुरू होते. उरलेलं तिने उद्यासाठी ठेवलं.

८ मे
उरलेलं शेजारच्या कुत्र्याने खाल्लं म्हणे. झाकण उघडून. कुत्र्याला चव कळते.

१५ मे
दुसरी ट्रायल. किंचित कडवट. दोष लाकडांचा. गिनेतचा सल्ला, मिरी शेवटी घाल, वरून, चिमूटभर. मी म्हटलं, कंजूषपणा करून कोणी मोठं झालेलं नाही. आता दोन मुठी.

२० मे
गिनेत फोनवर रोझेरशी कुजबुजत होती. मला पाहताच त्याच्या गुडघ्याची चौकशी. भावावर किती माया!

२६ मे, आमचा मातृदिन, सकाळ
पहाटेच येऊन किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली जागा धरली. तीन मुठी. रोझेर कुबड्या घेऊन आलाय. व्हॅनमागे सावलीत बसतो म्हणाला. बिचारा.

संध्याकाळ
सगळ्यांनी भरपूर वाढून घेतलं आणि ताटल्या घेऊन व्हॅनमागे गेले. ताटल्या चाटूनपुसून परत! मला भरून आलं. सासूबाईंना आणखी वाढायला पातेलं घेऊन मागे गेलो.

तिथे दुसरी चूल. रोझेरचा रस्सा. पळी गिनेतच्या हातात. माझा रस्सा वाळूत, मुंग्यासुद्धा वळसा घालून चाललेल्या. रोझेरच्या रश्शावर चिमूटभर गुलाबी मिरी भुरभुरलेली. माझ्याच परसातली. सासूबाई बोटं चाटत म्हणत होत्या, मिरीचं काय सुचलं रे रोझेर तुला! सगळ्यांनी माना डोलावल्या. गिनेतनेही.

बायकोनेच केसाने गळा कापला. फार लागलं.

एक घासही खाणार नव्हतो. मला दुसऱ्यांदा वाढताना रोझेर म्हणाला, दाजी, पुढच्या रविवारच्या सहलीतही चूल तुम्हीच पेटवा, तुमच्यासारखी कोणाला जमत नाही.

ओली लाकडं नेणार आहे.