कल्ल्यावरचं झाकण

४ मार्च
'ऑपर्क्युलम'! आठवडाभर या एका शब्दापाशी अडलेय. माशाच्या कल्ल्यांवर जे कडक पान असतं, ते. संपादकसाहेबांनी मराठी प्रतिशब्द ठरवूनही टाकला — 'क्लोमच्छद'. शब्दकोशाच्या कचेरीत वीस वर्षं काढली, तरी वाचताना जीभ अडखळली. "छापलं की रुळतं," म्हणे. डोंबल!

५ मार्च
सकाळी सरळ मासळीबाजार गाठला. कोपऱ्यावरच्या मासळीवाल्याला विचारलं, याला काय म्हणता? तो बघतच राहिला. "बाई, मासा घ्यायचाय की माझी परीक्षा?" मग अंगठ्याने ते पान उचललं. "झाकण म्हणायचं, दुसरं काय! उघडून बघायचं. आत लालभडक असेल तर ताजा. काळपट असेल तर पुढं चालू लागायचं."
अर्धा किलो घ्यावाच लागला.

६ मार्च
लॅटिनचा कोश उघडला आणि एकटीच हसत सुटले. 'ऑपेरीरे' म्हणजे झाकणे. त्यावरून ऑपर्क्युलम — झाकण! अगदी भांड्यावरचंसुद्धा. आणि आम्ही त्याचा क्लोमच्छद करणार!

१२ मार्च
पुन्हा बाजार. (शंका होती. खरंच होती!) काही गोगलगायींच्या शंखाच्या तोंडावर चकती असते, तीही इंग्रजीत ऑपर्क्युलमच. तुम्ही काय म्हणता?
"तेही झाकणच. ती आत शिरते आणि दार लावून घेते." जरा थांबून म्हणाला, "बायको गेल्यावर मीही दोन वर्षं तसाच होतो."
आमच्या ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तोंडाशी आलं होतं, पण घाईघाईने निघाले. पिशवी तिथेच विसरले.

१३ मार्च
पिशवी आणायला गेले. तास लागला.

२० एप्रिल
लेक ताटाकडे बघून म्हणाली, "आई, परत मासे? कोश चाललाय की आणखी काही?"
"अगं, ते म्हणत होते की —"
"थांब, थांब! आधी 'तो मासळीवाला' होता ना? 'ते' कधी झाले?"
व्याकरणात पकडलं कार्टीने!

९ मे
साहेबांपुढे कागद ठेवला. "मुळातच अर्थ झाकण आहे, साहेब. बाजारातही तोच."
"आता बाजार आपल्याला शिकवणार?"
"रोमन लोकही मासे बाजारातच घेत असतील."
बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग स्वतःच्या हाताने क्लोमच्छद खोडला! पोरीसारखी जिना उतरले. ही बातमी आधी कुणाला सांगावीशी वाटली, ते इथेसुद्धा लिहीत नाही.

१० मे
लग्नाचं आज मीच विचारलं. त्यांनी सुरी खाली ठेवली, हात धुतले, सावकाश पुसले — माझा जीव टांगणीला! — आणि 'हो' म्हणाले.