टाकीच्या तोंडाशी

प्रिय हर्षल,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, त्या निळ्या खुणा मला दिसतात, पण उत्तर देत नाहीस. म्हणून तेजस्विनीच्या कॉलेजच्या वहीतली कोरी पानं फाडून लिहायला बसले आहे. तू हे वाचलंस की नाही ते मला कळणार नाही, तेव्हा सावकाश वाच. शाळा सुटल्यापासून एवढं लांब मी काही लिहिलेलं नाही, चुकलंमाकलं पोटात घाल.

दसऱ्याचा झेंडू ऐन भरात आला आहे. पहाटे क्रेट भरून पंचवटीत न्यायचे आणि घरी येऊन पुन्हा खुडायला वाकायचं, कंबर कुठे आहे तेच कळेनासं झालंय. काका गेल्यावर भाऊबंद म्हणाले, आता मळा वाट्यानं दे. नाही दिला. तुझी मोटारसायकल ज्या उतारावर हटकून घसरायची तिथे मुरूम टाकून घेतलाय, त्यामुळे न येण्याला ते कारण आता चालायचं नाही.

मळ्यातली विहीर तुझ्या लक्षात असेलच. तू काकांच्या हाताखाली नवीन होतास. रविवारी मोटार बिघडली म्हणून काका आत उतरले आणि उतरण्याआधी हातातलं घड्याळ काढून तुझ्याकडे दिलं. सिन्नरच्या कारखान्यातली तुमची ही रीत मला तोवर माहीत नव्हती. टाकी साफ करायला, तपासायला जो आत जाईल त्यानं घड्याळ बाहेरच्याकडे द्यायचं, आणि ते परत त्याच्या हातावर चढेपर्यंत बाहेरच्यानं टाकीच्या तोंडापासून हलायचं नाही. चहा आला तरी नाही, साहेबानं बोलावलं तरी नाही. मी जेवायला हाका मारून मारून दमले आणि शेवटी तणतणत विहिरीवर आले, तर तू आत डोकावून काकांशी गप्पा मारत उन्हात उभा. मला म्हणालास, "काकू, घड्याळ माझ्याकडं हाय." मला राग आला होता. काका मात्र जेवताना मिशीत हसत होते.

तोंडावर कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तुला तर ते इतकं बोलायचे की मलाच तुझी दया यायची. पण घरातली गोष्ट तुला माहीत नाही. टाकीत उतरायचं असलं की ते निघताना देवापुढे जास्त वेळ उभे राहायचे. कधीकधी मात्र सरळ चपला घालून निघायचे. मी देवाची आठवण केली की म्हणायचे, "आज हर्षल हाय बाहेर." एवढा विश्वास त्यांनी माझ्यावरही कधी टाकला नाही. साधी दुधाची पिशवी आणायला सांगितली तरी मला दोनदा विचारायचे.

त्यांची दुसरी शिकवण तुला पाठ आहे, तरी लिहिते. तरुणपणी एका कारखान्यात त्यांनी दोन सख्खे भाऊ गेलेले पाहिले होते. एक टाकीत पडला, दुसरा त्याच्या मायेनं मागोमाग उतरला, दोघांनाही विषारी वायूनं धरलं. तेव्हापासून जो शिकायला येईल त्याला ते सांगायचे, "आतला पडला तर बाहेरच्यानं उडी नाय मारायची. दोर ओढायचा, माणसं बोलवायची. तू बी आत आला तर दोघांना कोण काढील?"

गेल्या वर्षी तू तेच केलंस. टाकीतून काकांचा आवाज यायचा थांबला तसा तू दोर ओढलास. दोर आत कशाला तरी अडकला, तेव्हा भोंगा वाजवलास, मास्कवाली माणसं आणवलीस आणि ती येईपर्यंत काकांना हाका मारत राहिलास. आत वायू नव्हता, त्यांचं काळीजच बंद पडलं होतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्या घडीला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही तू जागा सोडली नाहीस. तुझ्या जिवाचं काय झालं असेल, याचा विचार करून मला अजून रडू येतं.

दशक्रियेला तू गोदाघाटावर आला होतास आणि पिंडाला कावळा शिवायच्या आत निघून गेलास. मग नोकरी सोडलीस, चाकणला गेलास. मागोमाग कुरिअरनं काकांचं घड्याळ आलं, सोबत एक ओळसुद्धा नाही. मला वाटलं, दुःखानं गेला, येईल. परवा झुंबरभाऊ फुलं न्यायला आले, तुमच्याच खात्यातले म्हणून बोलणं निघालं. तेव्हा कळलं की आमचे खंडेराव भावजी घाटावर सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "माझा भाऊ आत मरत व्हता अन् हा उभा राहून बघत व्हता." भावजींना जे बोलायचं ते मी बोलून आले आहे. ते रडले. त्यांचाही भाऊच होता तो. पण हर्षल, तू बघत उभा नव्हतास. तू काकांचं ऐकलंस. ह्यांचं इतकं कुणीच ऐकलं नाही, पोटच्या पोरीनंही नाही.

आता त्या पोरीचं सांगते. तेजस्विनी डिप्लोमा करून त्याच कारखान्यात ट्रेनी लागली आहे. मी नको म्हणाले, अबोला धरला, काही उपयोग झाला नाही. दसरा झाला की कारखाना बंद ठेवून टाक्या उघडतील आणि आतले सांधे तपासायला ती पहिल्यांदा उतरणार आहे. काकांचं घड्याळ तीच वापरते. पट्टा मोठा होत होता, पंचवटीतल्या चांभाराकडून जास्तीचं भोक पाडून आणलं. काल झेंडू खुडताना तिनं विचारलं, "आई, घड्याळ कुणाकडे देऊ?" तिथे आता ठेकेदाराची माणसं रोज बदलतात, कुणाचं नावही तिला माहीत नाही. मग तिनंच खाली बघत तुझं नाव घेतलं. म्हणून हे पत्र. साहेबांशी झुंबरभाऊ बोलले आहेत, तुझी जागा ते तुला द्यायला तयार आहेत. कायमचं यायचं की नाही ते नंतर ठरव. त्या दिवशी तेवढा ये बाबा. टाकीच्या तोंडाशी उभा राहा, आणि ती बाहेर आली की तिचं घड्याळ तिच्या हातात परत दे.

तुझी वाट बघणारी, तुझीच
सुवर्णाकाकू