तो कशानं गेला

प्रिय प्रेरणा,

तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं हं हं केलं, कारण सासूबाई शेजारी बसल्या होत्या. तुला वाटलं असेल, संगीता रागावली. रागावलेच आहे. रक्ताच्या तपासणीत जंतू वाढले नाहीत, म्हणून माझ्या बाळाला सेप्सिस झाला होता असं लिहून देता येत नाही, हे तू किती शांतपणे सांगितलंस. हॉस्टेलवर माझ्या ताटातली भाकरी विचारल्याशिवाय उचलणारी तूच का ती, असं मनात आलं.

महागावच्या दवाखान्यातून तांड्यावर आणलं तेव्हा तो चांगला दूध ओढत होता. मग एका सकाळी स्तन तोंडात धरून नुसता पडून राहिला. मी घाबरले, तर रुपीबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, पोरगं लय गुणाचं हाय, रडूनच नाही राह्यलं. अंग गार लागलं म्हणून त्यांनी बाजेखाली शेगडी सरकवली, ओव्याची धुरी दिली. तेवढ्यात दवाखान्याकडून घरभेटीला येणारी आशाताई आली. तिनं थर्मामीटर लावला. म्हणाली, ताप नाही, गारठा नाही, सगळं ठीक. निखाऱ्यावर शेकलेल्या पोराचं अंग गार लागेल कसं? मी शेगडीचं सांगू लागले तर सासूबाईंनी मलाच गप्प केलं. संध्याकाळी तो कण्हायला लागला, तेव्हा कुठे नवऱ्यानं, लखननं, गाडी काढली.

यवतमाळला औषधं लगेच सुरू झाली. त्यांना मी बोल लावत नाही. एक डॉक्टर म्हणाले, रक्तात संसर्ग पसरलाय. दुसरे म्हणाले, इतक्या लहान बाळांत श्वासाच्या त्रासानंही असंच दिसतं. दुसऱ्या दिवशी तो गेला. रिपोर्ट त्यानंतर आला.

तू म्हणालीस, कुणी जंतू सापडल्याशिवाय मानत नाही, कुणी लक्षणं पाहून मानतं, म्हणून सेप्सिस कशाला म्हणायचं हे ठरवायला नागपुरात तुम्हा डॉक्टरांच्या बैठका चालल्यात. चालू द्या. तुम्हाला कुठे घाई आहे? मला जगासाठी व्याख्या नको होती गं. सासूबाईंना दाखवायला तुझ्या सहीचा एक कागद हवा होता. माझं दूध बाधलं असं त्या तांडाभर सांगत सुटल्यात, आणि लखन मान खाली घालून ऐकतो.

आता कागद नकोच. धाकटी जाऊ याच महिन्यात बाळंत होईल. बाधलेल्या दुधाची बाई बाळाजवळ नको, म्हणून मला उद्या उमरखेडला माहेरी पाठवताहेत. बॅग लखननंच भरली. म्हणून हे लिहितेय. मी नसले तरी तू तांड्यावर ये. डॉक्टरीणबाईचं त्या ऐकतील. बाळ दूध ओढेना झालं, गार पडलं, तर शेकत बसू नका, तडक दवाखाना गाठा, एवढं त्यांच्यासमोर बसून सांग. ते सांगायला तरी रिपोर्ट लागत नाही ना? तुमच्याकडे अजून काही ठरलं नाही म्हणतेस. आमच्या घरात केव्हाच ठरलंय. तो कशानं गेला असं कुणी विचारलं, की माझ्याकडे बोट दाखवतात.

अजून तरी तुझीच,
संगीता