परत येण्याचा पुरावा

४ मार्च
व्हिसाला नकार. पाकिटात पासपोर्ट आणि एक कागद, एका चौकोनात फुली. अर्जदार मुदतीत मायदेशी परतेल याची खात्री वाटत नाही.
अरे, मायदेशीच बसलेय की! काल्हेरला, गोदामांच्या मधल्या आमच्या घरात, बाबांच्या प्लॅस्टरमधल्या पायाशेजारी. कशेळीला ट्रेलरनं त्यांची स्कूटर उडवली म्हणून एक्स्चेंजचं वर्ष अर्धवट टाकून धावत आले. ते हॉस्पिटलात, आणि तिकडे माझा स्टुडंट व्हिसा संपला. आता जर्मनीत पाऊल ठेवायचं तर सगळं पहिल्यापासून.

५ मार्च
प्रोफेसरबाईंना मेल: परीक्षा ऑनलाइन घेता का? उत्तर लगेच आलं. माग स्वतः लावायचा, परीक्षकांसमोर विणायचं, प्रश्न तिथेच. मेच्या अखेरीस शेवटची संधी.
बरोबरच आहे म्हणा. चिंध्यांपासून काढलेल्या सुताचं माझं कापड फोनवर काय दाखवणार? पण नाही दिली तर इथलीही डिग्री अडकते, दोन्ही कॉलेजांची मिळून आहे ती. माझा अर्धवट विणलेला ताणा, ते उभे धागे, तिकडे मागावर तसाच. कुणी कापून टाकला नसला म्हणजे मिळवली.

९ मार्च
ठाण्याचा व्हिसा एजंट. "मॅडम, सिंगल हो, नौकरी नहीं. वो लोग सोचेंगे ही. शादी हुई होती तो केस स्ट्राँग था."
हे घरी सांगितलं, मूर्खपणा केला. आई लगेच, "मंग त्या टेमघरच्या स्थलाला हो कलवायचं का? पोरगा चांगला हाय गो."
व्हिसासाठी नवरा! आणि तो म्हणणार, आता कशाला जातेस. ताटावरून उठले. तासाभरानं गुपचूप जाऊन जेवले.

१७ मार्च
नोकरी धरली. इथल्याच एका कापडाच्या गोदामात, तागे तपासायचे. निदान नोकरी तरी दाखवता येईल. सुपरवायझर शेखभाई म्हणाले, "जर्मनी से सीधा इधर?" हसले. मला हसू आलं नाही.

२ एप्रिल
काम आवडतंय, याचाच राग येतो.
सुट्टीचं पत्र मागितलं, अर्जाला लागतं. मॅनेजर म्हणाले, "मेमध्ये कुणालाच सुट्टी नाही. सीझन आहे." म्हणजे नोकरी नाही तर ते येऊ देत नाहीत, आणि आहे तर हे जाऊ देत नाहीत. बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन पुढचा तागा.

३ एप्रिल
दुपारी बघते तर बाबा वॉकर घेऊन गोदामाच्या दारात. मेले लाजेनं. गोदामाची जागा काकांची, मला वाटलं आता मालकी दाखवणार. पण मॅनेजरसमोर हात जोडून उभे राहिले. "साहेब, माझ्या पायापायी पोरीची परीक्षा जातेय. मी कसा झोपू?"
पत्र मिळालं.
परत येताना रिक्षात बाबा हळूच म्हणाले, "येशील ना गो परत?"
"तुम्हीपण?" जोरात ओरडले. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.
"तसा न्हाय. इचारला आपला."
मी चुकले. की नाही?

२२ एप्रिल
दुसरा अर्ज. पुन्हा बोटांचे ठसे, पुन्हा फोटो. मागच्या वेळचं काहीच चालत नाही. व्हिसा सेंटरच्या खिडकीतली मुलगी विचारते, पहिल्यांदा जाताय का? म्हटलं, राहून आलेय. ती म्हणाली, ते आता मोजत नाहीत.

१४ मे
मिळाला! परीक्षेपुरताच, मागेपुढे थोडे दिवस. आईनं पेढे आणले. बाबांनी पासपोर्ट उघडून बराच वेळ बघितला, अक्षर कळत नसताना.
संध्याकाळी प्रोफेसरबाईंची मेल. परीक्षा चांगली झाली तर लॅबमध्ये दोन वर्षांची जागा आहे, विचार कर.
घरात सांगितलं नाही. अजून मिळालंय कुठे, असं स्वतःला सांगते. पण सांगितलं नाही हे खरंच.

२५ मे, विमानतळ, जर्मनी
काचेमागच्या अधिकाऱ्यानं जुना शिक्का बघितला, नवा बघितला. "परीक्षेनंतर?"
"घरी."
"नक्की?"
साधं हो म्हणायचं होतं. अर्जावर लिहून दिलंय, शपथेवर. जीभच हलेना. त्यानं मान वर करून बघितलं, पासपोर्ट घेऊन आत गेला आणि मला या बाकावर बसवलं.
फोन वापरायचा नाही अशी पाटी आहे. बाबांचे मिस्ड कॉल दिसतायत. आमच्या विमानातले सगळे पुढे गेले.
उद्या सकाळी परीक्षा. आत काय विचारतील? मी काय सांगणार? खरं सांगायचं तर परत जाईन की नाही हे मला खरंच
दार उघडलं. माझं नाव मोडूनतोडून घेतायत. उठते.