बाउरोच्या आईचं नाव

२ मार्च, सोमवार

व्हॅनच्या पाच फेऱ्या. धक्का ते दुकानं, दुकानं ते धक्का. सावलीत बेचाळीस डिग्री — आणि पोर्ट हेडलंडमध्ये सावली आहेच कुठे! कपडे भिजवले की बादलीतलं पाणी विटकरी होतं. खनिजाची धूळ. आता धुवायचाही कंटाळा येतो.

शेवटच्या फेरीत एका जहाजावरचा फिलिपिनो आचारी शेजारी बसला होता. त्याने विचारलं, "सिस्टर, तुम्ही नन आहात की ड्रायव्हर?" दोन्ही नाही म्हटलं. मग कोण? तेवढ्यात बंदराचं फाटक आलं, पास दाखवावे लागले, उत्तर राहून गेलं. बरंच झालं.

४ मार्च, बुधवार

ब्रिजेटचा पर्थहून फोन. तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात पाळकीय सेवेची, म्हणजे चर्चच्या वतीने माणसांना धीर द्यायची, जागा निघाली आहे. पूर्ण वेळ, पक्की. वीस तारखेपर्यंत कळवायचं. "आई, छप्पन्न वर्षांची झालीस. खलाशांना बाजारात नेऊन सोडायला सहा वर्षं शिकलीस का?"

सहा वर्षं! नवरा, केव्ह, वारल्यावर सुरू केलं होतं. दिवसा खाणीच्या वजनकाट्यावर काम, संध्याकाळी पुस्तकं. या सेवेची पदवी घेतली तेव्हा वर्गात आम्ही पाचजण होतो. डोलोरेस शाळेत धर्म शिकवते. ग्रॅहम तुरुंगात जातो, कैद्यांना भेटायला. शुआन मोठ्या हॉस्पिटलात आहे. मरिएटा बनबरीला घरं विकते. म्हणते, घर विकतानाही लोक रडतातच, शिकलेलं वाया गेलं नाही. आणि मी इथे, खलाशांच्या केंद्रात. पगार अर्ध्या दिवसाचा, काम दीड दिवसाचं.

ब्रिजेट नेहमीचंच म्हणाली. पाद्री नाहीस, नर्स नाहीस, समाजसेविका नाहीस, मग आहेस तरी कोण? मी म्हटलं, आम्ही सोबत करतो. तर म्हणे, सोबत करायला पदवी लागते?

चिडले नाही. चिडायलाही जोर लागतो.

५ मार्च, गुरुवार

आज एका जहाजाचा दोर बांधताना तुटला. एका खलाशाच्या पायावर बसला. दोन हाडं मोडली. बाउरो नाव, पॅसिफिकमधल्या किरिबाती बेटांवरचा, चौतिशीचा असेल. कॅथलिक आहे म्हणून जहाजाच्या एजंटने मला फोन केला. ऑपरेशन झालं. जहाज भरतीला निघून गेलं, त्याला इथे टाकून. जहाज थांबत नसतं.

७ मार्च, शनिवार

वॉर्डात तासभर. बाउरो शुद्धीवर आहे. अंगाने दांडगा, आवाज मात्र अगदी मऊ. "सिस्टर" म्हणून हाक मारली तर मी आणि नर्स दोघीही वळलो. हसला. त्याचं सामान जहाजावरून आलं का ते पाहिलं. एक बूट नाही.

भात आणि मासा मागितला. हॉस्पिटलवाले बटाट्याचं काहीतरी देतात. उद्या नेईन.

घरी बायको, तीन मुली आणि आई. आईला साखरेचा आजार, एक पाय काढलेला. "आता आमच्या घरात दोघांत मिळून दोन पाय," म्हणाला. मला हसावं की नाही कळेना. तोच आधी हसला.

९ मार्च, सोमवार

केंद्रात तारावाहून, किरिबातीच्या राजधानीतून, फोन. बाउरोचा मेव्हणा, तेबाओ. तिथल्या चर्चमध्ये धर्मशिक्षक आहे. बाउरोची आई काल पहाटे गेली. उद्या पुरणार.

मी म्हटलं, आत्ता जाते, सांगते त्याला. तर तो नको म्हणाला. घाईने नाही, अगदी शांतपणे. "ही एकट्याने ऐकायची बातमी नाही, बाई. तो घरी येईल, आम्ही सगळे त्याच्याभोवती बसू, मग सांगू. तोवर तुम्ही बोलू नका. घरच्या सगळ्यांचं सांगणं आहे."

आणि त्याने विचारलं तर? "बरी आहे म्हणा."

आमच्या चर्चच्या फादर अँसेल्मना गाठलं. ते म्हणाले, घरच्यांचं ऐक, नोरीन. त्यांच्या गावी नायजेरियात म्हणे मोठं माणूस गेलं की आधी "प्रवासाला गेलंय" असंच सांगतात. मी म्हटलं, आम्हाला वेगळं शिकवलंय. रोग्याशी खोटं बोलायचं नाही, ही पहिली गोष्ट. फादर थकलेले होते. तीनशे किलोमीटर गाडी चालवून आले होते. म्हणाले, तुला शिकवणाऱ्यांची आई किरिबातीत मेली नव्हती.

१० मार्च, मंगळवार

चार वाजता गेले. मासा नेला होता. खाल्ला नाही. पाय दुखतोय म्हणाला. डोळे लाल होते; ताप पाहिला तर नव्हता.

घरी फोन लावून देऊ का, असं मीच विचारून बसले. तोंडातून निघून गेलं! तो नको म्हणाला. "तिकडे उगाच धावपळ होते." हुश्श झालं मला. आणि हुश्श झालं म्हणून लाज वाटली.

निघताना म्हणाला, "सिस्टर, आज प्रार्थनेत माझ्या आईचं नाव घ्याल? कातारिना." मी उभीच राहिले. मग म्हटलं, प्रभो, कातारिनाला बरं ठेव. तिच्या पायाची जखम भरू दे. तिला झोप लागू दे.

माती पडली असेल तोवर तिच्यावर.

११ मार्च, बुधवार

आजही नाव घ्यायला लावलं. आजही घेतलं.

१३ मार्च, शुक्रवार

चार फेऱ्या. एका कप्तानाशी भांडण — पोरांना तीन महिने जमिनीवर पाय ठेवू दिला नाही. काही उपयोग झाला नाही.

डोलोरेसला फोन केला. ती सरळ बोलली. तू त्याला फसवते आहेस. आई त्याची आहे, मेव्हण्याची नाही. शोक करायचा हक्क त्याचा आहे आणि तू तो अडवून बसली आहेस. सगळं खरं आहे. आमच्या वर्गात तीच हुशार होती.

पण मी सांगितलं आणि तो कोसळला तर त्याच्याजवळ कोण? मी, पाऊण तास. मग पाच वाजताची फेरी.

फादरकडे पापनिवेदन केलं. म्हणाले, प्रायश्चित्त म्हणून आठ तास झोप. हे सगळ्यात कठीण प्रायश्चित्त.

१५ मार्च, रविवार

फादर दुसऱ्या गावी, म्हणून मिस्सा नाही. भक्ती मीच घेतली. अकरा माणसं आणि पंखा. त्या दिवसाचं शुभवर्तमान नेमकं येशूने दृष्टी दिलेल्या जन्मांधाचं. तीन मिनिटं बोलले, काय बोलले आठवत नाही. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, खरा फादर कधी येणार?

घरी आले आणि बुटांसकट झोपले.

१७ मार्च, मंगळवार

आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. वाटेत वाक्यं जुळवली. खुर्ची ओढली, दिवा मंद केला. शिकवलंय तसं सगळं.

त्याच्याआधी तोच बोलायला लागला. आईबद्दल. ती केतकीच्या पानांची चटई विणते. अख्ख्या बेटावर तशी कुणाची नाही. विणताना कुणी मध्ये बोललं तर पान त्याच्या तोंडावर फटकारते. पाय काढला तेव्हा डॉक्टरला म्हणाली, जपून ठेव, स्वर्गात मागतील. तो पहिल्यांदा समुद्रावर निघाला तेव्हा रडली नाही. फक्त म्हणाली, पाण्याला पाठ दाखवू नकोस. करते, विणते, म्हणते — सगळं असंच, जणू ती आता पलीकडच्या खोलीत बसली आहे. मध्येच तो हसायचा. मध्येच छताकडे बघायचा. पाऊण तासाचा सव्वा तास झाला. पाच वाजताची फेरी चुकली, खलाशी उन्हात उभे राहिले.

अशा माणसाला मध्येच थांबवून कसं सांगायचं, ते कुठल्या पुस्तकात होतं?

शेवटी तेच. "कातारिना." प्रभो, तिला बरं ठेव.

मी जीभ चावली की काय, कुणास ठाऊक. तोंडात रक्ताची चव होती.

२० मार्च, शुक्रवार

पर्थला होकार कळवला. ब्रिजेट फोनवर रडली. मला काहीच वाटलं नाही. म्हणजे वाटलं — की आता बसायला खुर्ची मिळेल.

फादर अँसेल्मना सांगितलं. म्हणाले, बिशपांना कळवतो, पण तुझ्या जागी कुणी मिळेल असं समजू नकोस. व्हॅनची किल्ली कुठे ठेवतेस तेवढं सांगून जा.

२३ मार्च, सोमवार

बाउरो गेला.

सकाळी सहाला हॉस्पिटलातून घेतला. कुबड्या, एक पिशवी, नवा बूट डाव्या पायात. विमानतळावर पाऊण तास होता. आता सांगायला हवं, नाहीतर कधीच नाही. त्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं, समोर बाक होता त्यावर बसले. म्हटलं, बाउरो, घरी पोचशील तेव्हा…

पुढे गेलेच नाही. तो माझ्याकडे बघत होता. वाट बघावी तसा नाही. शांत. मी म्हटलं, …तेव्हा पायाची काळजी घे.

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. म्हणाला, एकदा शेवटचं तिचं नाव घ्या. तिथेच, बॅगा तपासणाऱ्यांच्या देखत, घेतलं.

खुर्ची ढकलत त्याला आत नेलं. विमान सुटेपर्यंत मी व्हॅनमध्ये बसून होते. ए. सी. चालू, काचा बंद. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

२४ मार्च, मंगळवार

माणसाला सत्य झेपावं म्हणून त्याच्याजवळ बसायचं — सहा वर्षांत एवढंच तर शिकले. चौदा दिवस बसले आणि चौदा दिवस खोटं बोलले. ग्रॅहमला जमलं असतं. शुआनला नक्की. बरं झालं मी जाते आहे.

१२ एप्रिल, रविवार — पर्थ

वृद्धाश्रमात पहिला आठवडा संपला. गळ्यात पट्टी आहे, त्यावर नाव आणि "पाळकीय सेवा". एका आजीने विचारलं, म्हणजे नखं कापणारी तूच का? नाही म्हटलं. मग कापून दिली.

खुर्ची चांगली आहे. कुणाच्याही खोलीत गेले की आधी दारात थांबते. वाटतं, आत जाऊन मी काय बोलेन याचा काही भरवसा नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

फादर अँसेल्मनी एक पत्र पुढे पाठवलं आहे. तारावाहून, बाउरोचं. पाय ठीक आहे, काठी घेऊन चालतो. आणि मग हे:

"दहा तारखेला सकाळी माझ्या चुलतभावाने दुसऱ्या जहाजावरून वॉर्डात फोन करून सांगितलं होतं. आई गेल्याचं मला ठाऊक होतं. पण तुम्ही संध्याकाळी आलात आणि तुम्हाला ठाऊक नसेल असं वाटलं, म्हणून नाव घ्यायला सांगितलं. तुम्ही थांबलात तेव्हा कळलं की ठाऊक आहे. सांगितलं असतं तर त्याच दिवसापासून तुम्ही तिच्यासाठी मेलेल्या माणसाची प्रार्थना केली असती. ती प्रार्थना मला घरी गेल्यावर करायचीच होती. वॉर्डात रोज चार वाजता तुम्ही तिला बरं ठेव म्हणायचात, आणि तुम्ही जाईपर्यंत ती असायची. तुम्हाला खोटं बोलणं किती जड जात होतं ते मला दिसत होतं, सिस्टर. तरी रोज मागत राहिलो. मला क्षमा करा."