धंतोलीतलं आमचं चार पिढ्यांचं घर

१२ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप वामनकाका आणि सौ. काकूंच्या पायांशी अभिजीतचा, आणि शेजारी बसून तूर निवडणाऱ्या हिमानीचा, इथूनच वाकून नमस्कार.

मोबाइलवर दोन ओळी टाकणं म्हणजे पत्र नव्हे, असं तुम्ही मागच्या फोनवर सुनावलं, म्हणून कागद घेऊन बसलो आहे. (सौसरच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे पुन्हा परीक्षेला बसणं आलं. चुका लाल शाईनं दाखवून पत्र परत पाठवू नका, परदेशी टपाल फार महाग आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला गेला का? बागेत यंदा संत्र्याचा अंबिया बहार बरा धरला, असं आईकडून कळलं; आनंद वाटला. आम्ही दोघं बरे आहोत. इथं बरंच राहावं लागते, कारण डॉक्टरची वेळ सहा आठवड्यांनी मिळते अन् तोवर माणूस आपोआप बरा होऊन जाते.

तुम्ही विचारलं होतं, तिथं तुमचं येणं-जाणं कोणाकडे आहे? तर ऐका. पहिले सहा महिने कोणाकडेच नव्हतं. आपल्याकडे पांढुर्ण्याहून सौसरला येताना माणूस वाटेत चार घरी चहा पिऊन येते. इथं शेजाऱ्याकडे जायचं तर आधी चिठ्ठी टाका. मागच्या नोव्हेंबरात चार वाजताच अंधार पडायला लागला, तेव्हा मी अन् हिमानी अकरा दिवस एकमेकांशिवाय कोणाशीच बोललो नव्हतो. (अपवाद खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंचा. आम्ही दह्याचा डबा चुकीच्या कचऱ्यात टाकला, हे सांगायला त्या दोनदा वर आल्या. हिमानीनं दोन्ही वेळा त्यांना चहाला थांबवायचा प्रयत्न केला.) बारावे दिवशी हिमानी भाजी चिरता चिरता रडायला लागली. कांदा नव्हता, भेंडी होती. मग मीही घाबरलो.

म्हणून आम्ही समाज शोधायला निघालो. इथं हिंदीवाल्यांचं एक मंडळ आहे. त्यांच्या दिवाळीमिलनाला गेलो, मध्य प्रदेशचे आहोत म्हणून सांगितलं. तिथल्या बाईंनी हिमानीचं मंगळसूत्र पाहिलं अन् फार प्रेमानं म्हणाल्या की आप लोग तो मराठी हैं, आपका तो अलग मंडल है ना. गुजिया मात्र दिली. मग मराठी मंडळाचा अर्ज उघडला. त्यात एक रकाना, महाराष्ट्रातला जिल्हा कोणता? खाली छत्तीस नावं, छत्तीसांत आपलं कुठून येणार? (आपला पांढुर्णा जिल्हा होऊन तर दोन-चार वर्षंही धड झाली नाहीत, त्याआधी छिंदवाडा सांगितलं की लोक म्हणत, वा, म्हणजे जबलपूरकडचे.) हिमानी म्हणाली, त्यांना सरळ फोन करून सांग. मी म्हणालो, फोनवर कुठं समजावत बसू बाप्पा, अन् नागपूर दाबून मोकळा झालो.

काका, एक बटण दाबलं हो फक्त.

त्यानंतर आम्ही मंडळाचे 'नागपूरकर' झालो. नागपूरचं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे मान मोठा. संक्रांतीला अध्यक्षांचा, म्हणजे ठाण्याच्या अमृताताई सबनीसांचा फोन आला की यंदा चाळीस माणसांचं सावजी मटण तुमच्याकडे. आता आपल्या घरात आजोबांनी माळ घातली तेव्हापासून अंडंही उंबरा ओलांडून आत आलेलं नाही, हे तुम्हाला ठाऊक. तरी मी व्हिडिओ लावून, नाकाला रुमाल बांधून रस्सा केला. चाखायची सोय नव्हती, म्हणून तिखट अंदाजानं घातलं. लोक जेवताना रडले. एक गृहस्थ बाहेर जाऊन बर्फात उभे राहिले. अन् सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं की अस्सल म्हणतात ते हेच! आम्ही दोघं कोपऱ्यात दहीभात खात होतो. पथ्य आहे म्हणून सांगितलं.

एप्रिलात मंडळाची सहल निघाली, डोंगरावरचा एक किल्ला पाहायला. चढता चढता अमृताताईंनी विचारलं, नागपुरात कुठं तुम्ही? मला नागपूर कितीसं माहीत? आपल्या घराण्यात कोणाला काही झालं की गाडीत घालून धंतोलीतला दवाखाना. तेव्हा तोंडातून निघालं, धंतोली. धंतोलीत कुठं? मग काकूंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं त्या दवाखान्याचा जिना आठवला, तो सांगितला. जिना सांगितल्यावर वर घर आलंच. पुढच्या वळणावर गॅलरी आली, त्याच्या पुढं गॅलरीत झोपाळा. किल्ल्याच्या दारात पोचेपर्यंत आम्ही धंतोलीत चार पिढ्यांपासून राहून राहिलो होतो अन् खालचा मजला डॉक्टरांना भाड्यानं दिला होता. (भाडं वेळेवर येते, असंही म्हणालो. ते कशासाठी म्हणालो, माझं मलाच कळलं नाही.) हिमानी मागून चालत होती. वर पोचल्यावर ती माझ्याकडे पाठ करून तोफा पाहत राहिली.

खरं बिनसलं ते जूनमध्ये. बागेतल्या सहलीला काय न्यायचं, तर हिमानी म्हणाली, मी रोडगे करते. गोवऱ्या इथं ऑनलाइन मिळतात, दहाचा पुडा, वर लिहिलेलं असते की खाण्यासाठी नाही. बागेत शेगड्यांची जागा नेमलेली आहे. तिथं तिनं गोवऱ्यांचा विस्तव केला, कणकेचे गोळे राखेत पुरले, वांग्याची भाजी केली अन् प्रत्येक रोडगा फडक्यानं पुसून, तुपात बुडवून लोकांच्या हातात ठेवला. लोक वेडे झाले काका. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मनापासून हसून राहिली होती. कोणीतरी विचारलं, हे कुठलं? ती खुशीत म्हणाली, "आमच्याकडे जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला गेलं की..." जामसावळीवरून सौसर निघेल म्हणून तेवढ्यात मी तिच्या पायावर पाय दिला. ती थांबली. मग म्हणाली, नागपूरकडचं आहे.

घरी आल्यावर चप्पल काढता काढता एवढंच बोलली, "तुले आपल्या गावाची लाज वाटते का रे?" मी म्हणालो, लाजेचा प्रश्न नाही, सोयीचा आहे. ती म्हणाली, "सोय तुझी झाली. मैत्रिणी मले मिळाल्या, पण त्या ज्या बाईच्या मैत्रिणी आहेत ते बाई मी नाही." मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. पण मंडळातून नाव गेलं तर पुन्हा नोव्हेंबर आहेच, अन् भेंडी चिरताना रडणारी बायको मला पुन्हा पाहवणार नाही. म्हणून मी काही सुधारलं नाही. विषय तिथंच राहिला.

बाकी सर्व कुशल. थंडी पडू लागली आहे. गुडघ्याला जपा, बागेत सकाळी दवात जाऊ नका. थोरांना नमस्कार अन् लहानांना जे काय ते.

तुमचा पुतण्या,
अभिजीत

ता. क. – एक किरकोळ काम होतं. अमृताताई डिसेंबरात भाचीच्या लग्नाला नागपूरला येणार आहेत. सोबत घरचे पाच जण. धंतोलीतल्या आमच्या घरी पोहे खाल्ल्याशिवाय जाणार नाही म्हणतात. तेव्हा तुम्ही लेकीकडून, छायाताईकडून, तिचा नागपुरातला मनीषनगरचा फ्लॅट दोन दिवस मागून घ्यावा, दारावर आपल्या आडनावाची पाटी लावावी अन् तुम्ही दोघांनी तिथं जाऊन बसावं. जावईबापूंनी खालच्या मजल्यावरचे डॉक्टर व्हावं. ते औषधांचे एजंट आहेतच, फार अंतर नाही.

ता. क. २ – गॅलरी अन् झोपाळा रस्ता रुंदीकरणात गेला म्हणून सांगा. मनीषनगर धंतोलीत कसं आलं, विचारलं तर काकूंनी खोकावं. संत्र्याचा विषय कृपा करून काढू नका; तुम्ही एकदा सुरू झालात की सौसर आल्याशिवाय थांबत नाही.

ता. क. ३ – काका, मी हिमानी. पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून ही ओळ लिहून राहिले. काकूंना खोकायला सांगू नका. मी परवाच अमृताताईंना फोन करून सगळं खरं सांगितलं. सांगताना रडले. त्या इतक्या हसल्या की त्यांच्या यजमानांनी फोन घेतला. शेवटी म्हणाल्या, मग तुझ्याच गावी येतो. २७ डिसेंबरला सहा जण सौसरला मुक्कामाला येतील अन् दुसऱ्या दिवशी माझ्या माहेरी पांढुर्ण्याला. मंडळाच्या अर्जात सदतिसावं नाव घातलं आहे, तेही त्यांनीच. अभिजीतला यातलं काही सांगितलेलं नाही. तो रोज संध्याकाळी धंतोलीचा नकाशा उघडून गल्ल्या पाठ करून राहिला आहे. तुम्हीही सांगू नका. डिसेंबरपर्यंत होऊ द्या पाठ.